फडातला हिशेब आणि घरातला सर्व्हर



धारूर तालुक्यातील तेलगाव हे चार वाटांचे गाव. एक वाट बीडकडे जाते, एक परळीकडे, एक माजलगावकडे आणि एक धारूरकडे. गावाजवळच लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. माजलगाव धरणाच्या पाण्यावर आसपास ऊसही उभा असतो. तरीही दसरा-दिवाळीच्या सुमारास याच रस्त्यांवरून भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि लेकरे भरलेले ट्रॅक्टर-ट्रक पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. डोंगरपट्ट्यातील माणूस कोयता घेऊन परमुलखात जातो आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत येतो. अशा कुटुंबांत आज बारावी झालेली, आयटीआय केलेली, पदवीच्या वर्गात शिकणारी मुलेमुली आहेत. प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्रही अनेकांच्या पेटीत आहे. पण त्या प्रमाणपत्राचे पुढे काय करायचे, हा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून या वेळी सदरात आम्ही एक नवा विषय घेत आहोत. आपण सांगून ठेवलेली कामे ठरल्या वेळी आपोआप करणारा, आणि घरातल्या कोणालाही मोबाईलवर पान उघडून वापरता येईल असा छोटा सर्व्हर कसा सुरू करायचा? विषय नवा वाटेल, पण अवघड नाही. उदाहरणासाठी आम्ही बँक किंवा मोठी कंपनी घेत नाही. ऊसतोड मजुराचा हिशेबच घेतो. कारण ज्या कामात आपले स्वतःचे काही अडकलेले आहे, तेच काम शिकताना माणूस मधेच सोडत नाही.

वारणेचा धडा

ऊस आणि संगणक यांची गाठ महाराष्ट्रात फार पूर्वी पडली. १९९८ साली कोल्हापूर-सांगली भागात वारणा सहकारी समूहाच्या परिसरात सुमारे ७० गावांसाठी एक मोठी योजना सुरू झाली. केंद्र आणि राज्य शासनाने तिला हात दिला होता. गावोगावी संगणक बसवायचे आणि शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीचा सल्ला, शासकीय माहिती, सर्व काही तेथे मिळवून द्यायचे, असा विचार होता. देशभर त्या योजनेची चर्चा झाली.

काही वर्षांनी बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे संशोधक तेथे गेले. त्यांनी पाहिले तेव्हा गावातला संगणक मुख्यतः एकाच कामाला लागत होता. तोडणीची परवानगी, उसाचे वजन, खताची उचल, म्हणजे कारखाना आणि शेतकरी यांच्यातला हिशेब. मग एवढ्या कामासाठी प्रत्येक गावात महागडा संगणक कशाला? त्यांनी सात गावांत वेगळा प्रयोग केला. कारखान्याच्या ठिकाणी एक संगणक ठेवला आणि त्याला एक मोबाईल जोडला. शेतकऱ्याकडून ठरल्या पद्धतीने लघुसंदेश आला की संगणकावरचा प्रोग्रॅम तो वाचत असे, नोंदीत शोध घेत असे आणि उत्तर परत पाठवत असे. मध्ये कोणी माणूस बसवलेला नव्हता. या प्रयोगाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, सगळे काही करणारे यंत्र उभारण्यापेक्षा लोकांना खरोखर लागणारे एक काम नीट करणारे यंत्र अधिक उपयोगी पडते. दुसरी गोष्ट आपल्या काळजाला लागणारी आहे. ती सोय ऊस लावणाऱ्यासाठी होती. आज तर अनेक कारखाने ऊस उत्पादकाला काट्यावरचे वजन मोबाईलवर कळवतात. पण तोच ऊस ज्याने भल्या पहाटे उठून तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून वाहून गाडी भरली, त्याला वजन तोंडी कळते. कधी तेही कळत नाही.

शंभर किलोची गोष्ट

एका वजनाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. आपण हिशेब करून पाहू. पुढील सर्व आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोने, १,००,००० रुपये उचल घेतली. दर टनाला ४०० रुपये धरू. दिवसाला २ टन तोड झाली तर ८०० रुपये होतात. १२० दिवसांचे ९६,००० रुपये झाले. पाच दिवस आजारपणात गेले आणि प्रत्येक दिवसाचा ५०० रुपये खाडा लागला, म्हणजे २,५०० रुपये वजा. हातात हिशेब आला तेव्हा ६,५०० रुपये बाकी निघाली. ती पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसली.

आता समजा की तोड खरे तर दिवसाला २ टन १०० किलो होती, पण वहीत २ टनच लागली. रोजचे १०० किलो म्हणजे ४० रुपये. १२० दिवसांचे ४,८०० रुपये. म्हणजे बाकी ६,५०० नव्हे, १,७०० रुपये असायला हवी होती. एवढ्याने मुलीची वह्या-पुस्तके, गणवेश आणि एसटीचा पास सहज निघाला असता.

येथे प्रत्येक मुकादम लबाड असतो असे आमचे म्हणणे नाही. मुकादमही अनेकदा आपल्याच भावकीतला, आपल्याच गावचा असतो आणि त्याच्याही मानेवर उचलीचे ओझे असते. पण ज्या व्यवहारात एकाकडेच वही असते, तेथे चूक झाली तरी ती दुसऱ्याला दिसत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. त्यासाठी मजुरांना संप, मोर्चे आणि बैठका कराव्या लागल्या. एवढ्या झगड्याने मिळालेली वाढ वजनाच्या रकान्यात गळून जाऊ नये, यासाठी दुसरी वही आपल्या घरात असली पाहिजे. ती वही कागदाची असली तरी चालेल. पण घर बेळगावच्या फडात आणि शिकलेली मुलगी तेलगावात, अशा वेळी यंत्राची वही जास्त कामाला येते.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर म्हणजे मोठ्या काचेच्या खोलीतले अजब यंत्र, असा समज आहे. तो सोडून द्या. जो संगणक सतत चालू राहतो आणि दुसऱ्याने मागितले की काम करून देतो, तो सर्व्हर. ग्रामपंचायतीचा शिपाई जसा साहेब नसले तरी कचेरी उघडी ठेवतो, आलेला अर्ज घेतो आणि ठरल्या वेळी घंटा वाजवतो, तसेच हे आहे. चार जीबी मेमरीचा जुना लॅपटॉप शिकण्यासाठी पुरतो. उलट तेलगावसारख्या ठिकाणी वीज गेली तर लॅपटॉपची बॅटरी थोडा वेळ तग धरते, हा फायदाच आहे.

स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामांची यादी. ‘ही फाईल उघड, हे रकाने वाच, बेरीज कर, निकाल त्या फाईलमध्ये ठेव,’ असे क्रमाने लिहिलेले असते. आपण रोज हाताने जे करतो तेच एकदा नीट लिहून ठेवले की यंत्र ते न कंटाळता करते.

स्क्रिप्ट लिहिण्याच्या भाषा अनेक आहेत. पायथन ही एक चांगली भाषा आहे. पण ज्यांच्याकडे विंडोज आहे त्यांच्या संगणकात पॉवरशेल आधीच असते, वेगळे काही उतरवावे लागत नाही. पॉवरशेल २००६ साली आले. २०१६ पासून ते खुले झाले आणि लिनक्सवरही चालू लागले. ही गोष्ट आपल्या कामाची आहे, कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने थांबवला. ज्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसत नाही, त्यावर मोफत लिनक्स टाकून हीच विद्या पुढे नेता येते.

पहिली पायरी: वहीचे रकाने

संगणक उघडण्याआधी कागद घ्या आणि रकाने ठरवा. तारीख, खेप क्रमांक, वाहन क्रमांक, काट्याच्या पावतीचा क्रमांक, टन, हजर कोयते आणि शेरा, एवढे पुरेत. उचल, मधल्या काळात घेतलेला खर्च आणि खाडा यांचा तक्ता वेगळा ठेवा. वाढे विकून आलेले पैसे असतील तर तेही लिहा.

एक आग्रह आम्ही धरतो. कोयत्याच्या नावाखाली फक्त नवऱ्याचे नाव लिहू नका. तोडतात दोघे, आणि उजाडायच्या आत उठून भाकरी थापून फडात जाते ती बाई. तिच्या नावाचा रकाना ठेवा. वहीत नाव नसेल तर त्या अर्ध्या कष्टाचा मालक कोण, हे कधीच कळत नाही.

ही माहिती एक्सेलमध्ये भरा आणि साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडा. साधा सीएसव्ही निवडलात तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतील. आणखी एक अडचण ध्यानात ठेवा. नावे मराठीत लिहा, पण टनाचे आकडे इंग्रजी अंकांत लिहा. मराठी अंक आपल्याला वाचता येतात, पण स्क्रिप्टला ते आकडे म्हणून कळत नाहीत आणि बेरीज अडते.

दुसरी पायरी: पहिली स्क्रिप्ट

आता स्क्रिप्टला चार कामे सांगायची आहेत.

पहिले, फाईल वाचणे. त्यासाठी ‘इम्पोर्ट-सीएसव्ही’ ही आज्ञा आहे. आज्ञा टंकताना अर्थात इंग्रजी अक्षरेच वापरायची.

दुसरे, तपासणे. एकच पावती क्रमांक दोनदा आला आहे का? एखाद्या तारखेला तोडही नाही आणि खाडाही नाही, असे आहे का? असेल तर स्क्रिप्टने ती ओळ वेगळी काढून दाखवावी. बेरजेपेक्षाही हे काम महत्त्वाचे आहे, कारण चूक लवकर सापडली तर ती दुरुस्त करता येते. चार महिन्यांनी ती आठवणारा कोणी नसतो.

तिसरे, वाटणी. अनेक टोळ्यांत गाडी सर्वांनी मिळून भरलेली असते आणि वजन हजर कोयत्यांत वाटले जाते. १६ टनांची खेप ८ कोयत्यांनी भरली तर प्रत्येकी २ टन. एक कोयता गैरहजर असेल तर ७ जणांत वाटणी होऊन प्रत्येकी सुमारे २ टन २८५ किलो होतात. हा भागाकार रात्री दमलेल्या माणसाने करायचा म्हटला की चुकतो. स्क्रिप्टला तो एकदाच शिकवावा लागतो.

चौथे, प्रत्येक कोयत्याची बेरीज करून वेगळी फाईल लिहिणे. ‘ग्रुप-ऑब्जेक्ट’ नावाप्रमाणे ओळी एकत्र करते, ‘मेझर-ऑब्जेक्ट’ बेरीज करते आणि ‘एक्स्पोर्ट-सीएसव्ही’ निकाल लिहून ठेवते.

नव्या माणसाला येथे एक धोंडा आडवा येतो. विंडोज स्क्रिप्टची फाईल सुरुवातीला चालूच देत नाही आणि लाल अक्षरात नकार देते. घाबरू नका. कोणाचीही स्क्रिप्ट आपोआप चालू नये म्हणून ती केलेली सोय आहे. आपल्या वापरकर्त्यापुरता ‘रिमोटसाइन्ड’ हा नियम लावला की स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट चालते. मात्र हा नियम पूर्ण उठवून टाकू नका.

पहिल्या दिवशी दहा खोट्या ओळी भरून पाहा. उत्तर आधी हाताने काढा, मग स्क्रिप्टचे उत्तर जुळते का ते बघा. हाताचे उत्तर माहीत नसताना यंत्राच्या उत्तरावर विश्वास ठेवणे म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्याच वहीवर विश्वास ठेवण्यासारखे आहे.

तिसरी पायरी: आपोआप आणि सर्वांसाठी

स्क्रिप्ट तयार झाली, पण ती रोज कोणीतरी चालवावी लागते आणि तिचा निकाल त्याच लॅपटॉपवर राहतो. येथे सर्व्हरचे काम सुरू होते. केवळ ठरल्या वेळी चालवायची असेल तर विंडोजमधला टास्क शेड्यूलर आणि लिनक्समधला क्रॉन पुरेसा आहे. पण वेळापत्रक, माहिती भरण्याचे पान, निकालाचे पान आणि कोणाला काय दिसावे याचे नियम, हे सर्व एकाच जागी हवे असेल तर तयार मंच मिळतात. पॉवरशेलसाठी ‘पॉवरशेल युनिव्हर्सल’ नावाचा मंच आहे. दुसऱ्या धाटणीचे ‘नोड-रेड’ आणि ‘रनडेक’ हेही आहेत. पॉवरशेल युनिव्हर्सलच्या काही सोयी मोफत आहेत, काहींसाठी परवाना विकत घ्यावा लागतो. म्हणून उतरवण्याआधी अटी वाचाव्यात आणि शिकण्यापुरते मोफत भागातच राहावे.

तो संगणकावर बसवला की ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ लिहून पुढे अपूर्णविराम (:) आणि ५००० हा आकडा टाकायचा. लोकलहोस्ट म्हणजे हेच यंत्र आणि ५००० म्हणजे त्या यंत्राचा दरवाजा क्रमांक. पान उघडले की आत तीन मोठी दालने दिसतात.

पहिले दालन स्वयंचलित कामांचे. येथे आपली स्क्रिप्ट ठेवायची आणि वेळापत्रक लावायचे. वेळ लिहिण्याची पद्धत क्रॉनचीच आहे. पाच खाने असतात: मिनिट, तास, महिन्यातील तारीख, महिना आणि वार. पहिल्या खान्यात ०, दुसऱ्यात २१ आणि उरलेल्या तिन्हींत चांदणी टाकली की रोज रात्री ९ वाजता काम सुरू होते. वेळापत्रकात भारतीय वेळ निवडली आहे ना, हे मात्र तपासा. प्रत्येक वेळी काम झाले की नाही आणि झाले नसेल तर कोठे अडले, याची नोंदही तेथे राहते. रोज सकाळी ती नोंद पाहण्याची सवय लावा. स्क्रिप्टला बाहेरून माहिती लागत असेल, जसे कोयत्याचा क्रमांक, तर सुरुवातीला ते रकाने नमूद केले की मंच स्वतःच भरण्याचा छोटा अर्ज दाखवतो.

दुसरे दालन एपीआयचे. ही बँकेतल्या काउंटरच्या खिडकीसारखी गोष्ट आहे. बाहेरच्या प्रोग्रॅमने खिडकीवर ठरल्या नमुन्यात मागणी केली की आतून स्क्रिप्ट उत्तर देते. सुरुवातीला याकडे दुर्लक्ष केले तरी चालेल.

तिसरे दालन पानांचे. येथे ‘आजची खेप भरा’ आणि ‘आमचा हिशेब दाखवा’ अशी दोन साधी पाने करता येतात. घरातील किंवा अभ्यासिकेतील एकाच वायफायवर असलेल्या मोबाईलवर ती पाने उघडतात. त्यासाठी लोकलहोस्टच्या जागी त्या संगणकाचा आयपी क्रमांक लिहायचा आणि फायरवॉलमध्ये त्या दरवाजाला फक्त घरच्या जाळ्यापुरती परवानगी द्यायची.

फडातून तेलगावपर्यंत

आता खरी अडचण. आई-वडील कोपीत, सर्व्हर घरी. पावती पोहोचणार कशी? सर्वात साधा मार्ग असा. गाडीबरोबर गेलेल्या ड्रायव्हरकडून किंवा मुकादमाकडून पावती पाहायला मागावी, तिचा फोटो काढावा आणि व्हॉट्सअॅपवर घरी पाठवावा. घरच्या मुलीने तो पाहून पानावर भरावे. फोटो तारखेप्रमाणे जपून ठेवावेत, कारण मूळ पुरावा फोटोच आहे, सर्व्हरवरची ओळ त्याची नक्कल आहे.

हे जमले की पुढचे पाऊल टाकता येईल. टेलिग्रामवर २०१५ पासून बॉट करण्याची सोय आहे. बॉट म्हणजे स्क्रिप्टने चालवलेले खाते. फडातून ‘हिशेब ४’ असा संदेश आला की चार नंबरच्या कोयत्याची आजपर्यंतची बेरीज परत जाते. म्हणजे वारणेत लघुसंदेशावर जे झाले तेच. येथे आपला सर्व्हर स्वतःच ठरावीक वेळाने टेलिग्रामकडे ‘काही आले का?’ असे विचारत राहतो. त्यामुळे बाहेरच्या जगासाठी घरचा दरवाजा उघडावा लागत नाही. स्क्रिप्टने फक्त ओळखीच्या खात्यांनाच उत्तर द्यावे, एवढे तीत लिहिलेले असले पाहिजे.

जपून राहण्याच्या गोष्टी

पहिली: परवलीचा शब्द किंवा बॉटची किल्ली स्क्रिप्टच्या मजकुरात लिहू नका. स्क्रिप्ट मित्राला दाखवली की किल्लीही गेली. असे शब्द ठेवायला मंचात वेगळी गुप्त जागा असते, ती वापरा.

दुसरी: वायफायच्या राउटरमधून सर्व्हरचा दरवाजा इंटरनेटला उघडा करून देऊ नका. असे उघडे दरवाजे शोधणारे प्रोग्रॅम जगभर दिवसरात्र फिरत असतात. तेलगावातला लॅपटॉप कोणाला दिसणार, असे म्हणून चालत नाही. त्यांना गाव दिसत नाही, फक्त आकडा दिसतो.

तिसरी: सगळ्यांना सगळे अधिकार नकोत. भरणारा भरेल, पाहणारा पाहील, आणि स्क्रिप्ट बदलण्याचा अधिकार एक-दोघांकडेच राहील. एका कुटुंबाचा हिशेब दुसऱ्याला दिसता कामा नये. कोणाची उचल किती आणि बाकी किती, हा गावगप्पांचा विषय नव्हे.

चौथी: आधार क्रमांक, बँक खाते, जात किंवा आजारपण यांतले काहीही भरू नका. आपल्या कामाला त्यांची गरजच नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला आहे. टोळीतल्या इतरांची माहिती ठेवायची असेल तर आधी त्यांना समजावून सांगा आणि त्यांची संमती घ्या. कोणी नको म्हणाले तर त्यांचे नाव काढून टाका.

पाचवी: आठवड्यातून एकदा सर्व फाइलींची नक्कल पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या घरी ठेवा. महिन्यातून एकदा त्या नकलेतून फाईल उघडून पाहा. न उघडणारी नक्कल काही कामाची नाही.

हिशेबाच्या दिवशी

पट्टा पडल्यावर मुकादमासमोर बसायची वेळ येते. सर्व्हरने काढलेला कागद म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, हे ध्यानात ठेवा. त्या कागदाच्या जोरावर भांडण करायला जाऊ नका. शांतपणे तारखेला तारीख लावा. ‘दादा, १२ तारखेच्या या पावतीत १६ टन आहे, तुमच्या वहीत १४ दिसते, एकदा पाहा ना,’ असे म्हणा. कधी आपल्याच नोंदीत खेप राहिलेली निघेल, तीही मान्य करा. दोन वह्या समोरासमोर आल्या की बोलणे अंदाजावर राहत नाही, पावतीवर येते. एकट्या घरापेक्षा टोळीतल्या सर्व कोयत्यांनी मिळून नोंद ठेवली तर तिला अधिक वजन येते. आणि वाद वाढलाच तर संघटनेच्या कार्यकर्त्याकडे किंवा वकिलाकडे जाताना हातात तारीखवार कागद असतो.

आई-वडिलांना एक विनंती

मुलगा किंवा मुलगी संगणकापुढे बसून काळ्या पडद्यावर काहीतरी टंकते, यात तुम्हाला काम दिसणार नाही. पण जी मुलगी आज आठ कोयत्यांचा हिशेब रात्री ९ वाजता आपोआप लावते, ती उद्या पतसंस्थेचा, दवाखान्याचा किंवा कारखान्याचाही लावू शकेल. सर्व्हर सांभाळणे, ठरल्या वेळी कामे होतात का ते पाहणे, नकला घेणे, लोकांसाठी साधी पाने करणे, याच कामाला शहरात पगार मिळतो. मुलाखतीत प्रमाणपत्र दाखवण्याबरोबरच ‘हे मी बनवले आणि एक हंगाम चालवले’ असे सांगता येणे, याला फार किंमत आहे.

२००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीने महाराष्ट्रात लाखो घरांना माऊस धरायला शिकवले. ती पहिली इयत्ता होती. आता दुसऱ्या इयत्तेत जायचे आहे. दुसऱ्याने बनवलेला अर्ज भरता येणे चांगलेच. पण अर्जात कोणते रकाने असावेत, हे ठरवणारा वेगळा असतो. आजवर आपल्या कष्टाच्या वहीचे रकाने दुसऱ्यांनी आखले.

दसऱ्याला गाड्या निघण्याआधी जी सुटी मिळेल तीत एवढेच करा. चार-पाच मुलामुलींनी एकत्र बसा, एक जुना लॅपटॉप मिळवा, कागदावर रकाने आखा आणि दहा खोट्या ओळींची बेरीज यंत्राकडून करून घ्या. त्यानंतर एका आठवड्यात वेळापत्रक, पुढच्या आठवड्यात पान. घाई करू नका आणि एकाच वेळी सर्व काही करायला जाऊ नका. पहिल्या हंगामात एका टोळीचा एक हिशेब नीट निघाला, तरी पुरे झाले. पुढच्या हंगामात शेजारची टोळी आपणहून विचारायला येईल. तेव्हा तिलाही रकाने आखायला शिकवा.